गाडीचा ई.जी.आर. व्हॉल्व्ह घरच्या घरी कसा तपासावा?

आपल्या व्यापारी व कारागीर बांधवांपैकी अनेकांच्या दारात आज जुनी का होईना, एक डिझेल गाडी उभी असते. तिच्यातूनच माल जातो, तिच्यातूनच वसुलीला जावे लागते, आणि लग्नकार्याला घरची मंडळीही तिच्यातूनच निघतात. अशी गाडी एक दिवस काळा धूर ओकू लागली, चढावर दम टाकू लागली, की आपण सरळ गॅरेजमध्ये नेतो आणि मिस्त्री सांगेल ती रक्कम मोजून येतो. कापडाचा ताणा-बाणा बोटाने चाचपल्याशिवाय एक ठाण न घेणारे आपण, गाडीच्या बाबतीत मात्र डोळे मिटून सौदा करतो. आमच्या हातून हेच झाले. म्हणून हा लेख.

आमची गाडी २०११ सालची, डिझेलची. भिवंडीहून सुताचे नमुने आणि थोडी गाठोडी घेऊन आम्ही मालेगावला परतत होतो. कसारा घाट चढताना गाडीने एकाएकी हाय खाल्ली. ॲक्सिलरेटर पूर्ण दाबला तरी दुसऱ्या गियरच्या वर जाता येईना, आणि मागे इतका काळा धूर की पाठीमागचा ट्रकवाला हॉर्न वाजवून हैराण. घरी पोचल्यावर एका गॅरेजवाल्याने पाच मिनिटांत निदान केले, "टर्बो गेला. अडतीस हजार." आमचे तोंड उतरले. तेव्हा दुसरा एक मिस्त्री म्हणाला, "टर्बो-बिर्बो काही नाही. तीनशे रुपये द्या, आत्ता बरी करतो." त्याने एका पाइपाच्या जोडात पत्र्याची तबकडी मारली आणि गाडी खरोखर बरी झाली. धूर बंद, ओढ चांगली, पी.यू.सी. देखील पास. अडतीस हजारांचे काम तीनशेत झाले म्हणून आम्ही आठ महिने खुशीत होतो.

त्या पत्र्याने नेमके काय बंद केले आहे हे आम्हाला कळले ते आमच्या लूमच्या मिस्त्रींमुळे. एका रविवारी बॅटरीचे टर्मिनल साफ करताना त्यांची नजर त्या तबकडीवर गेली. ते म्हणाले, "सेठ, हा तर ई.जी.आर. बंद केलाय. गाडी बरी झालेली नाही, गाडीचे तोंड बंद केले आहे." मग त्यांच्यासोबत बसून आम्ही ही व्यवस्था समजून घेतली, स्वतः तपासली आणि दुरुस्त केली. त्यात जे शिकलो ते वाचकांपुढे ठेवत आहोत.

ई.जी.आर. म्हणजे काय?

इंजिनातून जो जळका वायू सायलेन्सरकडे जातो, त्यातला थोडा भाग परत इंजिनाच्या हवेच्या वाटेत सोडण्याची जी व्यवस्था, तिला ई.जी.आर. म्हणतात. प्रथम ऐकल्यावर ही गोष्ट उलटी वाटते. जळून गेलेला वायू परत आत कशाला? राख परत चुलीत कोणी टाकते का?

टाकतात. आपल्या नानवाईच्या तंदूरकडे पाहा. निखारे फार पेटले तर तो त्यांच्यावर थोडी राख पसरतो. आग विझत नाही, पण तिचा कडकपणा उतरतो आणि नान करपत नाही. जळका वायू इंजिनात हेच राखेचे काम करतो. त्यात प्राणवायू कमी असतो, तो स्वतः पुन्हा जळत नाही, उलट उष्णता शोषून घेतो. त्यामुळे जळण्याच्या क्षणी आतले तापमान फार चढत नाही.

तापमान चढू न देण्याची गरज अशी आहे. आपण श्वासात घेतो त्या हवेत सुमारे ७८ टक्के नायट्रोजन आणि २१ टक्के ऑक्सिजन असतो. एरवी हे दोघे एकमेकांच्या वाटेला जात नाहीत. पण इंजिनात तापमान दीड हजार अंश सेल्सिअसच्या आसपास व त्याहून वर गेले की ते एकमेकांशी जोडले जातात आणि नायट्रोजनचे ऑक्साइड तयार होतात. हा वायू धुरासारखा काळा दिसत नाही, पण श्वासनलिकेला तो झोंबतो, दम्याच्या रोग्याला त्रास देतो आणि उन्हात त्याच्यापासून जमिनीलगतचा ओझोन तयार होतो, जो फुप्फुसांना आणखी वाईट. म्हणूनच १९७० नंतरच्या दशकात अमेरिकेत पेट्रोल मोटारींना ही व्यवस्था बसवली जाऊ लागली आणि पुढे डिझेल गाड्यांनाही ती लागली.

ही व्यवस्था चालते कशी?

हिचे मुख्य भाग चार. एक, एग्झॉस्टकडून निघणारा लोखंडी पाइप. दोन, बऱ्याच डिझेल गाड्यांत त्या पाइपात बसवलेला, रेडिएटरच्या पाण्याने थंड होणारा कूलर. तीन, ई.जी.आर. व्हॉल्व्ह, म्हणजे दरवाजा. चार, तो दरवाजा उघडणारी-मिटणारी यंत्रणा.

दरवाजाचे प्रकार दोन. जुन्या गाड्यांत तो व्हॅक्यूमवर, म्हणजे हवेच्या ओढीवर चालतो. त्याच्या डोक्यावर डबीच्या झाकणासारखा गोल पत्रा असतो, आत रबराचा पडदा असतो, आणि वर बोटापेक्षा बारीक रबरी नळी जोडलेली असते. नळीतून ओढ आली की पडदा वर उचलला जातो आणि दरवाजा उघडतो. नव्या गाड्यांत तो विजेच्या लहान मोटरीने चालतो. तेथे बारीक नळी नसते, तर चार-सहा पिनांचा प्लग असतो. आपल्या गाडीला कोणता आहे, हे बॉनेट उघडून पाहिले की बहुधा ओळखता येते. शंका वाटली तर गाडीची पुस्तिका पाहावी.

आता एक गोष्ट नीट ध्यानात ठेवावी, कारण पुढची सगळी तपासणी तिच्यावर उभी आहे. पेट्रोल गाडीत इंजिन जागेवर मंद चालू असताना हा दरवाजा साधारणपणे बंद असतो आणि मध्यम वेगाने चालताना उघडतो. डिझेल गाडीत मात्र गरम इंजिन मंद चालत असताना व हलक्या ओझ्यावर तो उघडा असतो, आणि पूर्ण ॲक्सिलरेटर दिला की बंद होतो, कारण त्या वेळी इंजिनाला ताज्या हवेचा प्रत्येक घोट हवा असतो. दोन्ही प्रकारांत इंजिन थंड असताना तो बहुधा बंदच ठेवतात.

कसूर कोणता, खूण कोणती?

दरवाजात दोनच खोड्या होतात. एक तर तो उघडा अडकतो, नाहीतर बंद अडकतो. कारण बहुतेक वेळा काजळीच. डिझेलची काजळी आणि इंजिनातील तेलाची वाफ मिळून डांबरासारखा थर बसतो.

उघडा अडकला तर पेट्रोल गाडी मंद चालताना थरथरते, सिग्नलवर बंद पडते, सुरू करताना त्रास देते. डिझेल गाडीत दोष चढावर दिसतो. पूर्ण ओढ हवी असताना ताज्या हवेची जागा जळका वायू अडवून बसतो, डिझेल अर्धवट जळते, काळा धूर निघतो आणि ताकद मिळत नाही. कसारा घाटात आमचे हेच झाले होते.

बंद अडकला तर पेट्रोल गाडी ओझ्यावर खडखड असा नॉकिंगचा आवाज काढू शकते. डिझेल गाडीत मात्र चालकाला बहुधा काहीच जाणवत नाही. नव्या गाडीत फार तर इंजिनाचा पिवळा दिवा लागतो. न दिसणारा वायू मात्र वाढलेला असतो.

येथे एक इशारा देणे जरूर आहे. काळा धूर आणि कमी ओढ ही खूण एकट्या ई.जी.आर.ची नाही. एअर फिल्टर चोंदला असेल, टर्बोकडून येणारी जाड रबरी नळी फाटली असेल, इंजेक्टर गळत असेल, तरीही हेच होते. म्हणून आधी एअर फिल्टर काढून उजेडात पाहावा आणि टर्बोच्या नळ्यांवर तेलकट चीर आहे का हे हाताने चाचपावे. हे पाच मिनिटांचे काम आहे, आणि यातच दोष सापडला तर पुढे जाण्याची गरजच नाही.

कामाआधीची खबरदारी

पहिली आणि सर्वांत मोठी गोष्ट. शटर ओढलेल्या गाळ्यात किंवा बंद गॅरेजात इंजिन कधीही चालू करू नये. धुरातील कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही, आणि तो माणसाला झोप लागावी तसा गप्प करून टाकतो. तपासणी उघड्यावरच करावी.

दुसरी, गाडी सपाट जागी, न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक लावून आणि चाकाखाली दगड ठेवून उभी करावी. तिसरी, सैल बाह्या वर बांधाव्या, गळ्यातला रुमाल काढून ठेवावा. पट्टा आणि पंखा यांना कापड ओढायला क्षण लागत नाही. लूमवर काम केलेल्याला हे सांगायला नको. काही गाड्यांत विजेचा पंखा इंजिन बंद केल्यावरही अचानक फिरतो, हे विसरू नये. चौथी, नट-बोल्ट खोलण्याचे काम गाडी पूर्ण थंड झाल्यावरच, आणि गरम रेडिएटरचे झाकण कधीही उघडू नये.

पहिली तपासणी: डोळ्यांनी व हातांनी

इंजिन थंड असताना लोखंडी पाइपाचे जोड टॉर्च लावून पाहावे. जोडाभोवती काळी काजळी पसरलेली दिसली तर तेथून वायू गळत आहे. बारीक रबरी नळी टोकापासून टोकापर्यंत बोटांनी वाकवून पाहावी. उष्णतेने रबर कडक होते आणि चीर बहुधा टोकाला, जोडाच्या आत लपलेली असते. विजेच्या व्हॉल्व्हला प्लग असेल तर इग्निशन बंद ठेवून तो काढावा आणि पिनांवर हिरवट गंज किंवा ओल आहे का हे पाहावे.

रेडिएटरच्या पाण्याची पातळीही पाहावी. बाहेर गळती नसताना पाणी सतत कमी होत असेल आणि गरम झाल्यावरही सायलेन्सरमधून गोडसर वासाचा पांढरा धूर येत असेल, तर ई.जी.आर. कूलर आतून फुटल्याची शंका घ्यावी. असे पाणी हेड गॅसकेट गेल्यानेही कमी होते, म्हणून हे काम घरी न करता जाणकाराकडे न्यावे.

दुसरी तपासणी: रबरी पडदा शाबूत आहे का?

ही व्हॅक्यूमच्या व्हॉल्व्हसाठी. यासाठी हाताने चालवायचा व्हॅक्यूम पंप मिळतो, त्यावर घड्याळही असते. तो नसेल तर औषधांच्या दुकानातली ५० किंवा ६० मिलिलिटरची मोठी सिरिंज आणि तिला घट्ट बसेल अशी नळी आणावी. आम्ही सिरिंजनेच काम केले.

इंजिन बंद ठेवून व्हॉल्व्हवरची बारीक नळी काढावी व तेथे आपली नळी लावावी. पंपाने पारा १० ते १५ इंच दाखवेल इतकी ओढ द्यावी आणि अर्धा मिनिट थांबावे. काटा जागेवर राहिला तर पडदा शाबूत. काटा उतरला तर पडदा फाटला आहे किंवा आपला जोड सैल आहे. सिरिंज असेल तर दांडी ओढून धरावी. मग हात सैल केला की दांडी आपोआप आत जाऊ पाहते, याचा अर्थ पडदा धरतो आहे. दांडी सहज बाहेर येऊन तेथेच राहिली तर पडदा गेला.

एक अपवाद आहे. काही जुन्या पेट्रोल इंजिनांतील व्हॉल्व्ह एग्झॉस्टच्या दाबाची मदत घेऊन चालतात. ते इंजिन बंद असताना ओढ धरतच नाहीत. अशा व्हॉल्व्हला या एकाच तपासणीवरून नादुरुस्त ठरवू नये.

ओढ देताना खालच्या बाजूने छोट्या आरशात पाहिले तर काही व्हॉल्व्हची दांडी हलताना दिसते. पडदा ओढ धरतो पण दांडी हलत नाही, तर ती काजळीत रुतली आहे असे समजावे. आमच्या गाडीत हेच निघाले.

तिसरी तपासणी: वाट मोकळी आहे का?

इंजिन सुरू करून चांगले गरम होऊ द्यावे. मग मंद चालू असताना व्हॉल्व्हला हाताने ओढ द्यावी.

पेट्रोल गाडीत इंजिन लगेच थरथरले किंवा बंद पडले तर आनंद मानावा. दरवाजा उघडला आणि वायूही आत गेला, याची ती साक्ष आहे. दांडी हलते पण इंजिनावर काहीच परिणाम नाही, तर व्हॉल्व्ह ठीक पण वाट काजळीने बंद, असे समजावे. अशा वेळी नवा व्हॉल्व्ह विकत घेणे म्हणजे पैसे पाण्यात.

डिझेल इंजिन असे सहसा बंद पडत नाही. तेथे आवाजातला फरक ऐकावा. बारीक नळी काढून तिच्या मोकळ्या तोंडाला बूच लावले की दरवाजा मिटतो, आणि सिरिंजने ओढ दिली की उघडतो. उघडताना आवाज जरा जड, घोगरा होतो. लूमचा आवाज ऐकून धागा तुटल्याचे ओळखणाऱ्या कानाला हा फरक कळायला वेळ लागत नाही. आवाजात काहीच बदल नसेल तर दरवाजा हलत नाही किंवा वाट बंद आहे.

चौथी तपासणी: हुकूम पोचतो का?

पडदा चांगला, दांडी मोकळी, वाट मोकळी, तरी काम होत नसेल, तर वरून हुकूमच येत नसेल. बारीक नळी व्हॉल्व्हवरून काढून तिच्या तोंडावर बोट ठेवावे. डिझेल गाडीत गरम इंजिन मंद चालत असताना बोटाला ओढ लागली पाहिजे. पेट्रोल गाडीत मंद गतीला ओढ नसावी, पण कोणी ॲक्सिलरेटर देऊन इंजिन दोन-अडीच हजार फेऱ्यांवर नेले की यावी. ओढ येत नसेल तर नळी मागे मागे तपासत जावे. वाटेत विजेवर चालणारा एक छोटा सोलेनॉइड असतो. प्लग काढून त्याच्या दोन पिनांवर मल्टिमीटर ओह्मवर लावावा. मीटर काहीच दाखवत नसेल, म्हणजे आतली तार तुटली असेल, तर सोलेनॉइड बदलावा.

येथे आमचीच एक चूक सांगतो. व्हॉल्व्ह साफ करून बसवल्यावर गाडी झकास धावली, धुराचा पत्ता नाही. आम्ही काम फत्ते समजलो. पण मिस्त्रींनी बोट लावून पाहिले तर ओढ नाही! नळीचे टोक आतून चिरलेले होते. म्हणजे आधी दरवाजा उघडा अडकला होता, आणि आता तो उघडतच नव्हता. गाडी चांगली धावते, एवढ्यावरून ई.जी.आर. चांगला ठरत नाही, हा धडा आम्हाला तेथे मिळाला. हातभर नळी बदलली तेव्हा कुठे काम पुरे झाले.

पाचवी तपासणी: विजेचा व्हॉल्व्ह

आपल्या देशात बीएस ४ च्या मोटारी एप्रिल २०१० मध्ये प्रथम १३ शहरांत लागू झाल्या. त्यांत मुंबई, पुणे आणि आपले कापडाचे सोलापूरही होते. सबंध देशात त्या एप्रिल २०१७ पासून लागू झाल्या. या मोटारींना दोष स्वतः नोंदवून ठेवणारी ओ.बी.डी. यंत्रणा आली. तिचा पहिला टप्पा एप्रिल २०१० चा आणि दुसरा एप्रिल २०१३ चा. स्टिअरिंगच्या खाली १६ पिनांचे तोंड असते. त्यात लावायचा छोटा ब्लूटूथ स्कॅनर बाजारात स्वस्तात मिळतो आणि मोबाइलवर वाचता येतो.

ई.जी.आर.चे नेहमीचे कोड असे. पी ०४०० म्हणजे वायूच्या प्रवाहात दोष. पी ०४०१ म्हणजे प्रवाह कमी. पी ०४०२ म्हणजे प्रवाह जास्त. पी ०४०३ म्हणजे विजेच्या जोडणीत दोष. पी ०४०४ म्हणजे दरवाजा सांगितल्याप्रमाणे हलत नाही. पी ०४०५ व पी ०४०६ म्हणजे दरवाजाची जागा सांगणाऱ्या सेन्सरचा संदेश अनुक्रमे फार कमी किंवा फार जास्त.

कोड म्हणजे निकाल नव्हे, ती फिर्याद आहे. पी ०४०१ आला म्हणून व्हॉल्व्ह बदलू नये. चोंदलेली वाट, चोंदलेला कूलर, यांनीही तोच कोड येतो. पी ०४०३ आला तर आधी प्लग, फ्यूज आणि वायर पाहावी. सेन्सरचे कोड आले तर प्लगमध्ये मल्टिमीटर लावून पाहावे. इग्निशन चालू असताना बहुतेक गाड्यांत एका पिनेवर ५ व्होल्ट मिळतात. ते मिळत नसतील तर दोष वायरीत किंवा त्याही मागे आहे.

स्कॅनरवर दरवाजा किती उघडण्याचा हुकूम आहे आणि त्यात चूक किती टक्के आहे, हे दोन्ही आकडे अनेक गाड्यांत दिसतात. चूक मोठी राहत असेल तर दरवाजा अडकतो आहे. डिझेल गाडीत आत येणाऱ्या ताज्या हवेचा आकडाही पाहावा. दरवाजा उघडला की तो कमी होतो, मिटला की वाढतो. हुकूम बदलतो पण हवेचा आकडा जागचा हलत नाही, तर वायू वाहत नाही.

साफसफाई

निदान पक्के झाले तरच व्हॉल्व्ह खोलावा. बॅटरीची निगेटिव्ह तार काढावी. बोल्टांवर गंज सोडवणारे तेल टाकून तासभर थांबावे, जोर करून बोल्ट तोडू नये. व्हॉल्व्ह काढल्यावर हवेच्या वाटेचे तोंड लगेच स्वच्छ कापडाने झाकावे, कारण काजळीचा सुटा तुकडा आत गेला तर नवे दुखणे सुरू होते.

कार्ब्युरेटर क्लीनरचा फवारा, प्लॅस्टिकचा किंवा पितळेचा मऊ ब्रश आणि सुती चिंधी पुरे. हातमोजे आणि चष्मा घालावा, आणि आसपास विडी-सिगारेट किंवा शेगडी नसावी, हा फवारा पेट घेतो. दरवाजा ज्या कडेवर बसतो ती कड स्क्रू-ड्रायव्हरने खरवडू नये. ओरखडा पडला की तो कायमचा गळतो. फवारा विजेच्या मोटरीत व रबरी पडद्यावर जाऊ देऊ नये, आणि विजेचा दरवाजा बोटाने जोर लावून ढकलू नये, आतले दाते तुटतात. साफ झाल्यावर मिटलेल्या दरवाजामागे टॉर्च धरावा. उजेड आरपार दिसला तर तो अजून नीट बसत नाही.

बसवताना गॅसकेट नवीनच घालावे. काही विजेच्या व्हॉल्व्हना बसवल्यानंतर स्कॅनरने नव्याने जागा शिकवावी लागते, त्यासाठी जाणकाराकडे जावे. आणि बीएस ६ च्या डिझेल गाड्यांत ई.जी.आर.च्या जोडीला काजळीचा फिल्टर व इतर यंत्रणा एकमेकींत गुंतलेल्या असतात. तेथे कोड वाचण्यापलीकडे घरी हात घालू नये असे आमचे मत आहे.

पत्र्याच्या तबकडीबद्दल

आता मूळ मुद्दा. तबकडी मारून गाडी बरी होते, पी.यू.सी. पास होते, मग एवढा खटाटोप कशाला, असे वाचक विचारतील. आम्हीही विचारले होते.

पी.यू.सी. केंद्रावर डिझेल गाडीचा धूर किती दाट आहे एवढेच यंत्र मोजते, आणि पेट्रोल गाडीचे कार्बन मोनॉक्साइड व हायड्रोकार्बन. नायट्रोजनचे ऑक्साइड त्या नेहमीच्या तपासणीत मोजलेच जात नाही. तबकडी मारल्यावर डिझेलची काजळी कमीच होते, म्हणून प्रमाणपत्र सहज मिळते. पण ते प्रमाणपत्र खरा जाब विचारतच नाही. वर, कंपनीने ठरवलेल्या रचनेत असा बदल करण्यास मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ मनाई करते, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर प्रदूषणाच्या नियमभंगाचा दंड दहा हजार रुपयांपर्यंत गेला आहे.

सप्टेंबर २०१५ मध्ये अमेरिकेत फोक्सवॅगन कंपनीचे प्रकरण उघडकीस आले, तेही याच वायूचे. तपासणी चालू आहे हे गाडीतला संगणक ओळखायचा आणि तेवढ्यापुरता धूर शुद्ध करायचा. रस्त्यावर आली की मर्यादेच्या कित्येक पट वायू सोडायचा. आपल्याकडे पुण्याच्या ए.आर.ए.आय. संस्थेने चाचण्या केल्या आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये कंपनीने भारतातील सव्वातीन लाखांच्या आसपास गाड्या दुरुस्तीसाठी परत बोलावण्याचे जाहीर केले. तेव्हा आम्ही दुकानात बसून त्या कंपनीला नावे ठेवली होती. तीनशे रुपयांच्या पत्र्याने आम्ही आमच्या गल्लीत दुसरे काय करत होतो?

आमची गल्ली अरुंद आहे. रोज सकाळी गाडी सुरू करून आम्ही पाच मिनिटे तशीच गरम होऊ देत असू, समोरच्या खिडकीखाली. त्या घरातला मुलगा दम्याचा पंप वापरतो. त्याचा आजार आमच्या गाडीमुळे, असे आम्ही म्हणत नाही, तसे म्हणण्याला आधार नाही. पण डोळ्यांना काळा धूर दिसत नाही म्हणून त्याच्या खिडकीत काहीच जात नाही असे समजणे, हे गज आखूड ठेवून ग्राहकाच्या डोळ्यांसमोर कापड मोजण्यासारखे झाले. ग्राहकाला दिसत नाही, पण माप कमीच असते.

शेवटी हिशेब देतो. गॅसकेट, फवारा, नळी आणि सिरिंज मिळून आमचा खर्च हजार रुपयांच्या आत झाला आणि एक रविवार गेला. टर्बो आजही तोच आहे. कसारा घाट आम्ही त्यानंतर अनेकदा चढलो आणि तबकडी काढून टाकूनही गाडीने दम टाकलेला नाही. ती तबकडी आम्ही दुकानाच्या गल्ल्यात ठेवली आहे. कोणी गाडीवाला आला आणि "पत्रा मारून घेतला, झकास चालते" म्हणाला, की आम्ही ती त्याच्या पुढ्यात ठेवतो आणि चहा मागवून ही सारी हकिकत सांगतो.